विश्लेषण : चित्रातल्या मेंढपाळाला घाम का येत नाही?

फ्रान्समध्ये १७४९ मध्ये रंगवलेले एक देखणे चित्र आणि अक्कलकोटचा माळ यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आजच्या जमिनीच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचतो.

मोबाइलवर 'गावाकडची सकाळ' असे शोधा. हिरवेगार कुरण, धुक्यातून येणारे कोवळे ऊन, पांढऱ्याशुभ्र मेंढ्या आणि इस्त्रीच्या धोतरातला हसरा मेंढपाळ अशा प्रतिमा समोर येतात. सुप्रभातच्या संदेशात, लग्नाआधीच्या फोटोशूटमध्ये, कृषी पर्यटनाच्या जाहिरातीत आणि आता एआयने बनवलेल्या चित्रांतही हेच गाव असते. तिथे चिखल, माश्या आणि घाम नसतो. मेंढरामागे चालून पायाला भेगा पडलेला माणूस तर नसतोच.

हे गाव मोबाइलने जन्माला घातलेले नाही. त्याचा एक जुना कारखाना अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये होता. तिथल्या चित्रांना आज 'रोकोको' शैलीतली चित्रे म्हणतात. अशी चित्रे काढणाऱ्यांमध्ये फ्रान्स्वा बूशे (१७०३ ते १७७०) याचे नाव पहिल्या रांगेत येते.

चित्रात काय दिसते?

लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात बूशेची दोन मोठी चित्रे आहेत, 'उन्हाळ्यातले गोपजीवन' आणि 'शरदातले गोपजीवन'. दोन्ही १७४९ मधली आणि माणसाहून उंच. शरदाच्या चित्रात एक तरुण मेंढपाळ आपल्या प्रेयसीला द्राक्षे भरवतो आहे. प्रकाश लोण्यासारखा मऊ, झाडे पिसासारखी हलकी, कपड्यांच्या चुण्या रेशमासारख्या चमकणाऱ्या. बूशेच्या अशा चित्रांमध्ये मेंढपाळ अनेकदा अनवाणी असतात, पण त्यांच्या पायाला माती लागलेली नसते.

हा प्रसंग कुठल्या गावातून आलेला नाही, तो रंगमंचावरून आला आहे. शार्ल-सिमों फावार या नाटककाराच्या १७४५ मधल्या एका मूकनाट्यात द्राक्षांच्या तोडणीच्या हंगामातली एक प्रेमकथा होती. बूशेने ती कॅनव्हासवर आणली. याच कथेवर त्याने १७४७ मध्ये काढलेले एक चित्र शिकागोच्या संग्रहालयात आहे. त्याचे नावच मिश्कील आहे : 'ते द्राक्षांचा विचार करताहेत का?' हातात घोस, पण लक्ष एकमेकांकडे.

सोलापूर जिल्ह्यातल्या द्राक्ष बागायतदाराने हे चित्र पाहिले तर तो वेगळेच काही पाहील. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' हे लांबट मण्यांचे वाण शोधले, तो हा जिल्हा. इथे घोस म्हटला की एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, घडांची विरळणी, डिपिंग, भुरी आणि डावणीची फवारणी, आणि ऐन तोडणीला येणारा अवकाळी पाऊस आठवतो. बूशेच्या घोसामागे यातले काहीच नाही. तिथे द्राक्ष फक्त भरवण्यासाठी उगवते.

रोकोको म्हणजे नेमके काय?

'रोकाय' म्हणजे बागेतल्या कारंज्यांवर, कृत्रिम गुहांवर केलेली शिंपल्यांची आणि दगडांची नक्षी. या फ्रेंच शब्दावरून पुढे रोकोको हे नाव पडले. राजा चौदावा लुई १७१५ मध्ये वारला. दरबाराचा भारदस्तपणा सैल झाला आणि श्रीमंतांचे जग राजवाड्यातून पॅरिसमधल्या दिवाणखान्यांत आले. तिथल्या भिंतींना मोठ्या लढाया आणि धर्मकथा नको होत्या. हलके रंग, वळणदार रेषा, प्रेम, खेळ, बागा हे हवे होते. आन्त्वान वातोने सुरुवात केली, बूशेने ती शैली शिखरावर नेली आणि फ्रागोनारने १७६७ च्या सुमारास झोक्यावरच्या तरुणीचे प्रसिद्ध चित्र काढून तिचा शेवटचा बहर दाखवला.

ही चित्रे त्या काळची 'फॉरवर्ड' होती, असे म्हटले तरी चालेल. बूशेच्या चित्रांचे छाप निघत, त्यांवरून चिनी मातीच्या बाहुल्या बनत. बोवे येथील मागांवर त्याच्या आराखड्यांवरून भिंतीवर लावायचे भलेमोठे विणलेले पडदे तयार होत. मेंढपाळाची जोडी अशा रीतीने चित्रातून बशीवर, बशीवरून पडद्यावर, पडद्यावरून खुर्चीच्या पाठीवर गेली. प्रत्येक नकलेत मेंढपाळ आणखी गोंडस होत गेला.

हे चित्र कोणाच्या घरात होते?

इथून गोष्ट गंभीर होते. वॉलेस कलेक्शनमधली ही दोन चित्रे दानिएल-शार्ल त्रुदेन या बड्या अधिकाऱ्याच्या गढीसाठी काढलेली होती. त्रुदेन राजाच्या अर्थखात्यात होता आणि १७४३ पासून देशातले रस्ते व पूल हे खाते त्याच्या हाती होते. पॅरिसमधली रस्ते-पुलांची नामांकित अभियांत्रिकी शाळा १७४७ मध्ये त्याच्याच पुढाकाराने सुरू झाली. जगातल्या सर्वांत जुन्या अभियांत्रिकी शाळांमध्ये तिची गणना होते. फ्रान्सचे रस्ते युरोपात वाखाणले गेले, त्यामागे त्याची दृष्टी होती.

पण ते रस्ते बांधले कोणी? १७३८ पासून फ्रान्सभर शेतकऱ्यांवर रस्त्यांची वेठ लादण्यात आली होती. आपल्याकडच्या वेठबिगारीसारखीच ती होती. वर्षातले ठरावीक दिवस आपला बैल, आपली गाडी आणि आपले अंग घेऊन रस्त्यावर जायचे, दगड फोडायचे, माती ओढायची, मजुरी नाही. सरदार आणि धर्मगुरू यांना यातून सूट होती. ही पद्धत फ्रेंच राज्यक्रांतीच्या अगदी उंबरठ्यावर, १७८७ मध्ये मोडीत निघाली.

म्हणजे रस्ते खात्याचा प्रमुख दिवसा वेठीच्या हिशेबाचे कागद पाहत होता आणि गढीवर गेला की भिंतीवर तोच ग्रामीण माणूस निवांत द्राक्षे भरवताना पाहत होता. त्रुदेन दुष्ट होता असे म्हणण्याचे कारण नाही. तो कर्तबगार होता, त्याच्या काळाच्या मानाने पुढारलेलाही होता. म्हणूनच हे उदाहरण बोलके आहे. चांगल्या माणसालाही खरा शेतकरी आणि चित्रातला शेतकरी यांच्यातली दरी जाणवू नये, अशी सोय सुंदर चित्र करून ठेवते.

त्रुदेनच्या काळात देशातल्या रस्त्यांचे हाताने रंगवलेले नकाशे तयार झाले. तीन हजारांहून अधिक तक्त्यांचा तो संग्रह आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. त्यात रस्ता आहे, शेते आहेत, झाडांच्या रांगा आहेत. वेठीवरचा माणूस नकाशात कुठून दिसणार?

तेव्हा कोणी आक्षेप घेतला नाही का?

घेतला. विश्वकोशकार दनी दिदरो याने १७६१ च्या प्रदर्शनावर लिहिताना बूशेला धारेवर धरले. इतके नटलेले मेंढपाळ कुणी कधी पाहिले आहेत, असा त्याचा सवाल होता. या चित्रकाराकडे सगळे आहे, फक्त सत्य नाही, असा त्याच्या टीकेचा रोख होता. बूशेला निसर्गच फार हिरवा आणि नीट उजेड नसलेला वाटायचा, असाही एक किस्सा सांगितला जातो.

बूशेच्या बाजूनेही बोलता येते. त्याने कधी वार्तांकन करायचा दावा केला नव्हता. समोर नाटक आहे हे काढणाऱ्याला ठाऊक होते आणि पाहणाऱ्यालाही. स्वप्न पाहणे हा गुन्हा नाही. रंगांवरची त्याची हुकमत तर दिदरोलाही नाकारता आली नाही. म्हणून दोष चित्राला देण्यात अर्थ नाही. पण चित्र पाहून झाल्यावर आपण जमिनीकडे कसे पाहतो, याचा जाब विचारायलाच हवा.

राणीचे खेळगाव आणि खऱ्या मेंढ्या

चित्रातले गाव जमिनीवर उतरवण्याचा प्रयत्नही झाला. राणी मारी आंत्वानेत हिने १७८३ पासून व्हर्सायच्या बागेत एक खेडे बांधून घेतले. तलाव, गिरणी, दुग्धालय, गवती छपराची घरे. भिंती जुनाट दिसाव्यात म्हणून त्यांवर मुद्दाम तडे रंगवले होते. गरिबीचा रंग हवा होता, गरिबी नको होती.

त्याच राजघराण्याच्या रांबुये येथील इस्टेटीत मात्र एक खरे काम झाले. राजा सोळावा लुई याने १७८६ मध्ये स्पेनमधून मेरिनो मेंढ्यांचा कळप तिथे आणवला. त्यातून मऊ लोकरीची जी जात घडली तिला आपल्याकडचे पशुवैद्यक 'रॅम्बुलेट' म्हणतात. पुढे ही जात भारतातही संकरासाठी आली. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने रॅम्बुलेट आणि स्थानिक मालपुरा मेंढीच्या संकरातून 'अविकालीन' ही जात तयार केली.

बूशेच्या मेंढ्या भिंतीवर राहिल्या. रांबुयेच्या मेंढ्या भारतापर्यंत आल्या, कारण त्यांची लोकर, खुराक आणि आजार यांकडे कुणीतरी लक्ष दिले होते.

आपल्या भिंतीवरचे गोकुळ

महाराष्ट्राला या स्वप्नाची ओळख वेगळ्या वाटेने झाली. आपल्या घरातले आदर्श गोपजीवन म्हणजे गोकुळ. यमुनेचा काठ, कदंब, बासरी, गाई आणि राधाकृष्ण. रघुवीर मुळगावकरांच्या गुळगुळीत, उजळ रंगांतल्या देवादिकांच्या चित्रांनी कॅलेंडरांतून मराठी घराघरांत जागा मिळवली. अक्कलकोटच्या शेजारच्या कलबुर्गीत जन्मलेले एस. एम. पंडित (१९१६ ते १९९३) यांनी मुंबईत सिनेमाची पोस्टर्स रंगवली आणि कॅलेंडरांसाठी पुराणातल्या जोड्या. पाश्चात्त्य चित्रणाचे तंत्र आणि आपली कथा यांचा हा मेळ होता. गरिबाच्या घरातही दहा-वीस रुपयांत एक सुंदर खिडकी उघडली, हे त्याचे मोल कमी नाही.

पण याच मातीत मेंढपाळाच्या प्रेमाची आणखी एक कथा आहे, आणि ती बूशेला सुचली नसती. ती खंडोबा आणि बाणाईची. जेजुरीचा देव धनगराच्या लेकीवर भुलतो, वेश पालटून तिच्या वाड्यावर चाकरीला राहतो, मेंढ्या राखतो. सीमाभागातल्या कन्नड भाविकांचा हाच मैलार. धनगरांच्या मौखिक परंपरेचा अभ्यास जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्यभर केला, तो अशा कथांच्या ओढीने. इथे प्रेमासाठी देवालाही मेंढरामागे फिरावे लागते. फ्रेंच दिवाणखान्यातल्या कथेत प्रेमासाठी मेंढरांचा विसर पडावा लागतो. दोन्ही सुंदर आहेत. फरक एवढाच की आपल्या कथेला काम ठाऊक आहे.

अक्कलकोटच्या माळावर काय आहे?

अक्कलकोट म्हटले की बहुतेकांना स्वामी समर्थांचा वटवृक्ष आणि जुने संस्थान आठवते. तालुका मात्र कोरडवाहू आहे. ज्वारी, तूर, मराठीइतकीच सहज कानावर येणारी कन्नड, बोरी नदीवरचे कुरनूर धरण आणि मधूनमधून पसरलेले खडकाळ माळ. पाऊस कधी पाठ फिरवेल सांगता येत नाही. अशा मुलखात टिकणारी मेंढी म्हणजे दख्खनी. काळसर, जाड लोकरीची, कमी चाऱ्यावर तगणारी, मैलोन्‌मैल चालणारी. कॅलेंडरावर शोभेल अशी ती दिसत नाही.

तिच्यामागे असलेले काम पाहायला हवे. सुगी झाली की मेंढरे रिकाम्या रानात 'बसवायची', म्हणजे रात्रभर शेतात राखायची, लेंडी-मुताचे खत शेतकऱ्याला मिळते, बदल्यात धान्य किंवा पैसे. रात्री वाघर लावून कळप कोंडायचा. लांडग्याची चाहूल लागली तर जागायचे. पावसाळ्यात खुरे कुजतात, आंत्रविषाराची लस वेळेवर द्यावी लागते. वर्षातून दोनदा कातरणी, पण जाड लोकरीला विचारणारे गिऱ्हाईक कमी. एकेकाळी तिच्या घोंगडीवाचून शेतकऱ्याचा पावसाळा निघत नसे. आज प्लॅस्टिकचा कागद स्वस्त पडतो.

या मेंढीवरही संशोधन झाले आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या छोट्या गारोळ मेंढीतला जुळ्या कोकरांचा गुणधर्म दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. राज्य सरकारची राजे यशवंतराव होळकर महामेष योजना मेंढ्यांसाठी अनुदान देते. हे स्वागतार्हच. पण मेंढी योजनेतून मिळू शकते, कुरण योजनेतून मिळत नाही. ते आधीपासून असावे लागते आणि टिकवावे लागते.

चित्र धोरणात कसे शिरते?

अडचणीची जागा हीच. डोळ्यांना हिरव्या, मऊ, बागेसारख्या कुरणाची सवय लागली की खराखुरा माळ 'पडीक' वाटू लागतो. सरकारी वर्गीकरणातही खुरटी झुडपे आणि विरळ गवताची जमीन अनेकदा पडीक गटात जाते. मग ती 'उपयोगात' आणायची घाई होते. कुठे सौर प्रकल्प, कुठे औद्योगिक वसाहत, कुठे सरसकट वृक्षलागवड. बूशेला निसर्ग फार हिरवा वाटायचा. आपल्याला आपला माळ पुरेसा हिरवा वाटत नाही. दोघांनाही आहे ते नको असते.

माळ झाडांनी भरला म्हणजे सुधारला असे होत नाही. याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. माळढोकला मोकळे, दूरवर नजर जाईल असे गवताळ रान लागते. काळवीट, लांडगा आणि मेंढपाळ यांचेही तेच. गवताळ माळ ही स्वतंत्र परिसंस्था आहे. ती जंगल व्हायची राहून गेलेली जागा नाही.

आता महामार्गाचे पाहू. सुरत-चेन्नई हा नियोजित द्रुतगती महामार्ग अक्कलकोट तालुक्यातून जातो. सरकारी भाषेत तो 'ग्रीनफिल्ड' प्रकल्प, म्हणजे जिथे आधी रस्ता नव्हता अशा रानातून नव्याने काढलेला. मोबदल्यावरून तालुक्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले, त्यांचे म्हणणे निदान ऐकले तरी गेले, कारण त्यांच्या हातात सातबारा होता. त्याच रानात मेंढरे बसवणाऱ्याच्या हातात काय असते? त्याची वाट पिढ्यान्‌पिढ्यांची असली तरी कुठल्याही उताऱ्यावर ती नोंदलेली नसते. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण पडले की पलीकडच्या रानात जायला किती किलोमीटरचा वळसा पडेल, हे प्रकल्पाच्या चकचकीत संगणकीय चित्रात दिसत नाही. त्या चित्रात गुळगुळीत रस्ता आणि दुतर्फा हिरवळ असते. माणूस नसतो. त्रुदेनच्या नकाशासारखेच.

रस्ता नकोच, असा याचा अर्थ नाही. अक्कलकोटला येणाऱ्या भाविकांना, तूर-ज्वारी बाजारात नेणाऱ्याला, रुग्णाला सोलापूरला हलवणाऱ्या कुटुंबाला चांगला रस्ता हवाच आहे. पण कुंपण घालण्याआधी कळपासाठी भुयारी वाट कुठे लागेल, हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारायला हवे. तो माणूस चित्रात नाही, म्हणून बैठकीतही नाही.

मग काय करता येईल?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे चराऊ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. अशा वर्षाचे आपल्याकडे काय होते हे सगळ्यांना माहीत आहे. एक कार्यक्रम, एक फलक आणि फलकावर हिरव्या कुरणातला हसरा मेंढपाळ. त्याऐवजी तीन साध्या गोष्टी करता येतील.

पहिली, तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी गायरान आणि मेंढरांच्या ठरलेल्या वाटा, पाणवठे, मुक्कामाच्या जागा यांची नोंद करावी. ज्या मोबाइलवर गोंडस गावाची चित्रे येतात, त्याच मोबाइलमधल्या जीपीएसवर हे काम एका हंगामात होण्यासारखे आहे. दुसरी, रस्ता असो वा सौर प्रकल्प, परिणामांचा अहवाल करताना जमीनमालकाइतकेच त्या जमिनीवर चारणाऱ्यालाही बोलवावे. तिसरी गोष्ट शाळांसाठी. मुलांना बूशेचे चित्र जरूर दाखवावे. त्याचे रंग, प्रकाश, हाताची सफाई शिकवावी. मग एकच प्रश्न विचारावा : या चित्रात काय नाही? अक्कलकोट तालुक्यातल्या मुलांकडून त्याची यादी लांबलचक येईल. काठी, वाघर, कुत्र्याच्या गळ्यातला काटेरी पट्टा, घोड्यावर लादलेले बिऱ्हाड, आजारी कोकरू, आईच्या डोक्यावरची घागर.

दुरून डोंगर साजरे दिसतात, हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको. दुरून पाहण्यातही काही वाईट नाही. पण डोंगराचा नकाशा करायचा असेल, त्यावर कुंपण घालायचे असेल, तर जवळ जावे लागते. बूशेचे चित्र पावणेतीनशे वर्षांनंतरही भिंतीवर शोभते आहे, तिथे ते शोभू द्यावे. अक्कलकोटच्या माळाचा निर्णय मात्र माळावर उभे राहून व्हावा.